बँकेचा माणूस येण्याआधी

अण्णा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. शर्ट इस्त्री करून ठेवलेला दिसला, पण आज बँकेत येऊ नका. घराच्या कर्जाच्या अर्जातून तुमचं नाव मी कालच काढलं. मॅनेजर म्हणाले, "वडिलांचं दिवाळं निघालंय, त्यांना सोबत घेतलंत तर कर्ज विसरा." कारखाना बुडाल्याला, कोर्टाने तुम्हाला मोकळं केल्याला किती वर्षं झाली ते सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांनी विचारलं, "ते तुमच्याजवळच राहतात? म्हणजे कर्ज खरं त्यांच्यासाठीच ना?" माझ्या तोंडून "नाही, वेगळे राहतात" निघून गेलं.

दुपारी त्यांचा माणूस चौकशीला घरी येणार आहे. तेवढा वेळ आत्याकडे जाऊन बसा. तिला काही बोलले नाही, सहज आलो म्हणा. तुमचा कोट आणि दाढीचं सामान कपाटात ठेवलंय.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. रागवा, पण रात्री जेवायला घरी या, मी थांबते.

दारावरची तुमच्या नावाची पाटी काढायला माझा हात धजला नाही. जाताना तेवढी तुम्हीच काढून ठेवा.

धाकटी