बोर्निओतल्या बांबूच्या ओट्यावर

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता हे मी हळू आवाजात म्हणत जातेय. धुळ्याच्या घरात आत्ता कुणी नाही. लेक जळगावला तिच्या कॉलेजात शिकवायला गेलीय आणि मी वरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेय. तुला जाऊन किती वर्षं झाली. मधल्या काळात मला नर्सची नोकरी लागली, घर झालं, तुला नात झाली, पण त्यातलं काही तुला लिहून कळवावं असं कधी वाटलं नाही. आता मात्र पोटात मावत नाहीये. बा, मी समुद्र ओलांडून एका बेटावर जाऊन आले. बोर्निओ म्हणतात त्याला. तुझ्या लेखी तापी ओलांडली की परमुलूख सुरू व्हायचा. शिरपूरच्या बाजारापुढे तू फारसा गेलाच नाहीस. आणि तुझी पोरगी ढगांच्या वरून गेली. खाली बघत, तोंड उघडं टाकून गेली.

झालं असं, की जळगावच्या एका सहलवाल्याची जाहिरात तुझ्या नातीने मला मोबाइलवर दाखवली. 'घनदाट पावसाळी जंगल, दुर्मिळ प्राणी आणि खऱ्या आदिवासींच्या घरी मुक्काम.' वाचून ती म्हणाली, "आई, खरे आदिवासी बघायला एवढ्या लांब जायचं? आरसा आणून देऊ का?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्या हसण्याच्या भरातच आमची नावं नोंदवली. सोबत यावल-रावेरकडची केळीवाली जोडपी होती आणि धरणगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. माणूस प्रेमळ, पण गप्प बसणं ठाऊक नाही. तिथल्या बसमध्ये उभे राहून ते आम्हाला समजावत होते, "आदिवासी म्हणजे निसर्गाची लेकरं. त्यांना उद्याची चिंता नसते." मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला दिसत होतास तू, आभाळाकडे बघत दारात बसलेला, पेरणी वाया जाते की काय म्हणून न जेवलेला. लेकीने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, बोलू दे त्यांना, चांगल्या मनाने बोलतायत.

जंगलाचं तुला काय सांगू. आपला सातपुडा उन्हाळ्यात अंगावरचं सगळं उतरवून उभा राहतो, डोंगराची हाडं दिसतात. हे जंगल कधीच उघडं पडत नाही. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ, आणि आभाळ म्हणशील तर रुमालाएवढं. पायाला जळवा लागतात, घामाने साडी चिकटते म्हणून मी लेकीची विजार घातली होती. हस नको. वाटाड्या आम्हाला एका फुलापाशी घेऊन गेला. त्याला पान नाही, खोड नाही, नुसतं फूल, सुपाएवढं, लाल, त्यावर पांढरे ठिपके, जमिनीवर टेकलेलं. वर्षभर तयारी करतं आणि आठवडाभर फुलतं. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. आपल्या परसात सुरण फुलला की असाच सडका वास यायचा आणि आई म्हणायची, कोणाचं कोंबडं मेलं बघ. मी तिथे चिखलात उकिडवी बसून राहिले, वाटाड्या हाका मारेपर्यंत. दुसऱ्या दिवशी एक वानरीण पाहिली, तांबूस केसांची, माणसाएवढी. पोटाशी पोर धरून ती झाडाच्या शेंड्यावर फांद्या वाकवत होती, एकीवर एक ठेवत होती, हाताने दाबून बघत होती. रात्रीचं अंथरूण घालत होती, बा. रोज नवं घालते म्हणे. केळीवाल्यांतली एक बाई शेजारी उभी होती, ती हळूच म्हणाली, "आपल्यासारखंच की हो." आम्ही दोघी मान वर करून इतका वेळ उभ्या होतो, की उतरताना मला माझीच मान चोळावी लागली.

मग मुक्कामाचं घर आलं. बिदायुह म्हणतात त्या लोकांना. एकाच लांब छपराखाली ओळीने सगळ्यांची घरं आणि पुढे सगळ्यांचा मिळून एक मोठा ओटा, सबंध बांबूचा. त्यावर भात वाळत घातलेला, कोंबड्या हाकलायला एक म्हातारी काठी घेऊन बसलेली. पाय ठेवला की ओटा खाली दबतो आणि पुन्हा वर उचलतो. आमचा यजमान तुझ्याच वयाचा होता, म्हणजे तू गेलास तेव्हाच्या वयाचा. काटकुळा, दात दोन-चारच राहिलेले, हसला की डोळे मिटणारा. त्याची नात इंग्रजीत बोलायची आणि मी आमच्या लोकांना मराठीत सांगायचे. त्यांनी बांबूच्या नळीत कोंबडी घालून, तोंडाला पाला कोंबून, ती नळी विस्तवाशी तिरकी उभी केली होती. ओल्या बांबूचा वास रश्शात उतरला होता. नानांनी माळकरी म्हणून नुसता भात घेतला, पण विस्तवापासून ते हलले नाहीत.

दिवस मावळता मावळता पितळेच्या मोठ्या थाळ्या वाजू लागल्या आणि त्यांची पोरं नाचायला उतरली, घारीसारखे हात पसरून, पावलं न वाजवता. आमची मंडळी मोबाइल घेऊन पुढे सरकली. कोणी त्या काठीवाल्या म्हातारीच्या अगदी तोंडाजवळ मोबाइल नेला. तिने मान फिरवली नाही, पण हातातली काठी घट्ट धरली. आणि बा, मला एकदम जंगलखात्याचा बंगला आठवला.

तू तिथे चौकीदार. साहेबाचे पाहुणे आलेत, त्यांना आदिवासी नाच बघायचाय, म्हणून तू गावातली ढोलवाली मंडळी आणलीयस. पुरुषांच्या डोक्यावर मोरपिसं, कमरेला घुंगरं, बायका एकमेकींच्या कमरेत हात गुंफून एका ओळीत. मी तुझ्या पाठीमागे उभी. एक बाई येते, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते आणि फोटो काढते. तू बघतोस. नाच संपतो. साहेब म्हणतात, छान, छान, निघा आता. तेव्हा तू हात जोडतोस आणि म्हणतोस, "साहेब, आमचा झाला. आता तुमचा."

साहेबांना वाटलं, तू बक्षिसी मागतोयस. तू म्हणालास, "नाही साहेब, नाच. आम्ही दाखवला, आता तुम्ही दाखवा. आमच्यात तसंच असतं." किती शांतपणे म्हणालास. रागावले असते तर तुझी नोकरी गेली असती, हे मला मोठेपणी कळलं. पण ती फोटोवाली बाईच उठली. पदर खोचून तिने माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याशी फुगडी घातली, आणि मग साहेबसुद्धा गणपतीपुढे नाचतात तसे दोन्ही हात वर करून नाचले. परत येताना मी त्यांच्या नाचाची नक्कल करून दाखवायला लागले, तर तू वाटेतच थांबलास. "हसायचं नाही. पाहुणा नाचला, म्हणजे तो नाचच. चांगला-वाईट म्हणायचा नाही." तुझा आवाज तेवढा कडक मी पुन्हा ऐकला नाही.

तर तिथे बोर्निओत पोरं नाचून थांबली आणि यजमानाच्या नातीने विचारलं, आता तुमच्यापैकी कोण? आमची मंडळी एकमेकांकडे बघत हसायला लागली. कोणी म्हणालं, गुडघे दुखतात. मी लेकीच्या हातात पिशवी दिली आणि उभी राहिले. लग्नानंतर मी नाचले नव्हते. लेकीने तर मला कधीच नाचताना पाहिलं नव्हतं. छाती इतकी धडधडत होती, की मीच माझी नाडी धरून बघितली, सवयच ती. यजमानाकडे एक उभा ढोल होता. मी स्वतःच्या मांडीवर थाप मारून त्याला होळीचा ठेका दाखवला. पहिल्यांदा त्याला जमला नाही. दुसऱ्यांदा त्याने डोळे मिटले, आणि बा, तिसऱ्यांदा ढोल आपला झाला.

पावलं मला आठवत नव्हती, पण ओट्याला आठवत असावीत. तो खालून मला उचलून देत होता. लेक धावत आली, तिने माझ्या कमरेत हात घातला. मग यजमानाची नात आली, मग केळीवाली ती बाई. आणि ती म्हातारी काठी बाजूला ठेवून ओळीच्या टोकाला येऊन लागली. तिचं पाऊल चुकलं की ती खदखदून हसायची, आणि सगळी ओळ तिच्याबरोबर चुकायची.

नाना उभे राहून बघत होते. त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली, "हाऊ ते आपला सातपुडाना नाच शे." मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडच्या? सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही, नाना."

ते थोडे ओशाळले. टोपी काढली, पुन्हा घातली. "बसमधी मी कायच्या काय बोलनू," असं पुटपुटले. आणि मग त्या मोठ्या मास्तराने शाळेतल्या पोरासारखं म्हटलं, "मंग आते माले बी शिकाडा." मी त्यांना ओळीत घेतलं. ते नाचले, म्हणजे कवायत केली म्हण. पण तुझी आज्ञा आहे, म्हणून मी चांगलं-वाईट काही म्हणत नाही.

लेकीने परतल्यावर ठरवलंय, येत्या होळीला आपल्या गावी जायचं, पावलं नीट शिकायची. नानाही येणार आहेत. काकाच्या सुनेला मी कळवलंयसुद्धा.

हा कागद मी पोस्टात टाकणार नाही. तू असतानाही आपल्या पाड्यावर पोस्टमन येत नव्हता. फक्त एक गोष्ट राहिली. नाच संपल्यावर यजमानाने तांदळाची दारू आणली. पिण्याआधी त्याने पेला तिरका करून दोन थेंब बांबूच्या फटीतून खाली सोडले, तू मोहाची प्यायच्या आधी जमिनीवर सोडायचास तसे, गेलेल्या माणसांसाठी. मग त्याने पेला माझ्या हातात दिला आणि खुणेने विचारलं, तुझं कोणी गेलेलं? मी नाही म्हणून मान हलवली. त्याच्या नातीकरवी सांगितलं, वडील घरी असतात, शेत बघतात. तो खूश झाला. म्हणाला, पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये. मी हो म्हटलं, आणि एकही थेंब न सांडता सगळा पेला पिऊन टाकला.