सत्तावीस पत्रकांवरील माझ्या सहीबाबत

गुरुवार, दिनांक १४ मार्च २०२४ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या कार्यालयात, माझ्या सहीच्या वर माझे नसलेले शब्द शाईने लिहिले गेले. मिळकतीची व्यवस्था सांगण्याआधी हे सांगणे भाग आहे, कारण बाकीचे सगळे त्यापायी लिहीत आहे.

मी, वय वर्षे साठ, शहरातल्या सरकारी माध्यमिक शाळेची निवृत्त वर्गशिक्षिका, पूर्ण शुद्धीवर आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र पुष्कळांनी आणला. येत्या २१ जूनला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरले आहे, आणि झडपेला नाही.

कलम एक. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या नातीला द्यावे, मुलाला नाही. मुलगा रागावेल. माझ्यावर रागावण्याचा त्याला चांगला सराव आहे. अट एवढीच, की बाहेरची खोली पुढची दोन वर्षे रोज सकाळी सात ते नऊ त्या सत्तावीस मुलामुलींसाठी उघडी राहील. तिथे काय करायचे ते कलम तीनमध्ये आहे. ते कोण, ते आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सुधारणेची योजना आली. मुले शाळा पूर्ण करून बाहेर पडतात आणि पहिल्याच कामावर अडखळतात, म्हणून शेवटच्या वर्षी प्रत्येकाची चार गोष्टींत परीक्षा घ्यायची: पानभर मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगणे, अर्ज लिहिणे, व्यवहारातले गणित, आणि अनोळखी माणसाशी तीन मिनिटे नीट बोलणे. जो मागे असेल त्याला रोज दोन तास जादा शिकवायचे. पत्रकावर शेरा दोनच प्रकारचा: 'तयार' किंवा 'अजून नाही'. योजना उत्तम होती. मी तीस वर्षे हेच मागत होते. पहिल्या वर्षी मी बाराबारा तास शाळेत काढले आणि एकदाही कुरकूर केली नाही, हे माझ्या शत्रूंनाही मान्य आहे.

दुसऱ्या वर्षी जादा तास बंद झाले. शिक्षक दुसरीकडे पाठवले. आकडा मात्र ठेवला: शंभरातली नव्वद मुले 'तयार' हवीत, नाहीतर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन.

आमच्याकडे पत्रक भरण्याची एक रीत होती. शेरा आधी पेन्सिलीने लिहायचा, कारण वर्षअखेरपर्यंत मूल सुधारू शकते. सही मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच एका बैठकीत सगळ्या पत्रकांवर करून ठेवायची, म्हणजे मार्चमध्ये घाई नको. हे सगळेच करत. मीही केले. मी स्वतः कॉन्व्हेंट शाळेत शिकत असताना आमच्या गणिताच्या सिस्टरांनी कोऱ्या कागदावर नाव घातले म्हणून मला तासभर बाकावर उभे केले होते. तेवढे शिकूनही मी हे केले. म्हणून या मृत्युपत्रावर सही सर्वांत शेवटी, साक्षीदारांसमोर आहे.

त्या गुरुवारी मी छत्री घ्यायला परत गेले. कार्यालयात मुख्याध्यापिका नावे वाचत होत्या आणि कारकून माझी पेन्सिल खोडून वर शाईने 'तयार' लिहीत होता. अक्षर माझ्यासारखे काढायचा प्रयत्न चालला होता.

"बाई, तुम्ही गेला नाहीत अजून?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. ही बाई नोकरीला लागली तेव्हा तिला हजेरी घ्यायला मी शिकवले होते.

"हे काय चाललंय?"

"शाळा वाचवणं चाललंय. तुम्ही सतरा दिवसांनी सुटणार. आम्ही कुठे जायचं?"

कारकून मान वर न करता म्हणाला, "बाई, पेन्सिल म्हणजे काय, नुसता विचारच ना. आम्ही तो पक्का करतोय."

मी पत्रके हातात घेतली. सत्तावीस होती. अकरावे माझ्या नातीचे होते. गणितासमोर मी स्वतः 'अजून नाही' लिहिले होते, तिथे शाई अजून ओली होती.

"आता बोला," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. "हिचंही परत खोडू?"

मी पत्रके खाली ठेवली आणि छत्री घेऊन घरी आले. माझे निरोपाचे भाषण झाले, हार झाला, फोटो झाला. मी काही बोलले नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मी गप्प बसले.

कलम दोन. नातीला त्या पत्रकावर परिचारिका प्रशिक्षणात प्रवेश मिळाला. वर्ग १ जुलैला सुरू होतात आणि दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांना वॉर्डात उभे करतात. गेल्या महिन्यात एका रविवारी जेवताना मी तिला सहज विचारले, "डॉक्टरांनी पाव मिलिग्रॅम लिहिलंय, शून्य दशांश दोन पाच. गोळी शून्य दशांश पाचची आहे. किती देशील?"

तिने ताटाच्या कडेला बोटाने आकडे काढले. "पाच गोळ्या."

"कशा?"

"पंचवीस भागिले पाच. सोपं होतं गं, आजी."

बरोबर उत्तर अर्धी गोळी. तिने दहापट दिल्या असत्या, आणि वर उशी नीट करून हसली असती. पोर मायाळू आहे. मी आजारी असताना तिच्याइतके अलगद मला कोणी उठवून बसवले नाही. म्हणूनच भीती वाटते. तिच्या हातून कोणी औषध नाकारणार नाही.

मी समजावले तशी ती चिडली. "मी नापास असते तर तू सांगितलं असतंस ना? माझ्या पत्रकावर तूच 'तयार' लिहिलंस. सही आहे तुझी."

मी तिला खरे सांगितले नाही. मुलगा मध्येच उठला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "आई, तिथे सगळं मशीन सांगतं. तू तोंड उघडलंस तर तिचा प्रवेश जाईल. घरातलं एक माणूस तरी धड लागू दे नोकरीला."

"आणि जो पाच गोळ्या घेईल त्याच्या घरातलं माणूस?"

"तुला काय जगाची काळजी," तो म्हणाला आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

तेव्हापासून मला शहरात वावरायची भीती वाटते. त्या सत्तावीसांपैकी एक जण लिफ्टच्या दुरुस्तीला लागला आहे. मी डॉक्टरांकडे चार मजले जिन्याने जाते, या झडपेनिशी. तिघी औषधांच्या दुकानांत आहेत. मी प्रत्येक पाकिटावरची अक्षरे भिंग लावून वाचते. पाच जण विजेच्या कामावर आहेत. फोन वाजला की मला आधी वाटते, झाले. आणि २१ तारखेला मला भूल दिल्यावर माझ्या हाताला सलाइन कोण लावेल, किती थेंबांवर ठेवेल, तिचे पत्रक कोणत्या शाळेत कोणी भरले असेल, हे मी कोणाला विचारू? अशी शाळा आमची एकटीच असेल असे मानायला मला काही आधार सापडत नाही.

कलम तीन. माझी बँकेतली सर्व शिल्लक पहिल्या वर्षी आमच्या शाळेत जादा तास घेणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना द्यावी, त्यांच्या शिकवणीचा मोबदला म्हणून. त्यांनी त्या सत्तावीसांना बाहेरच्या खोलीत दशांश, टक्केवारी आणि मोजमाप शिकवावे. सहा महिने पुरतात, हे पहिल्या वर्षी आम्ही करून दाखवले आहे. फळा, घड्याळ आणि चांगल्या खुर्च्या खोलीतच राहतील. डगमगणारी खुर्ची कारकुनाला द्यावी, माझ्या शुभेच्छांसह.

कलम चार. दागिने सुनेला. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. सगळे मुलाकरवी पाठवले. शब्दकोश आणि भिंग धाकट्या बहिणीला. मुख्याध्यापिकांना काही नाही. तिने शाळा वाचवली हे खरे आहे, आणि तिच्या जागी मी काय केले असते हे मला माहीत नाही. तरीही काही नाही.

कलम पाच. मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या शेजारीणबाई करतील. त्यांनी चाळीस वर्षे औषधांचे दुकान चालवले. पाच गोळ्यांची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, मला बसू द्या जरा." सत्तावीस जणांच्या, तपासल्यापासून माझ्याकडेच राहिलेल्या मूळ उत्तरपत्रिका आणि माझी पेन्सिलीची टिपणवही मी त्यांच्या ताब्यात दिली आहे.

कलम सहा, नातीसाठी. पोरी, हे वाचशील तेव्हा तू मला शिव्या देशील. दे. तुझा प्रवेश माझ्यामुळे गेला तर घर तरी तुझे आहे. तू नालायक आहेस असे मी कुठेही लिहिलेले नाही. 'अजून नाही' लिहिले होते, आणि ते खोडताना पाहून गप्प बसले, कारण तुला रडताना बघायचे मला धाडस झाले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. तू चांगली परिचारिका होशील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आणि तो माझाच आहे.

साक्षीदार: १. आमचे घरचे डॉक्टर, ज्यांनी आज माझी नाडी आणि शुद्ध दोन्ही तपासली. २. तळमजल्यावरचे शिंपी.
सही: वर्गशिक्षिका, निवृत्त.
ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली. सोमवार, ३ जून २०२४, सकाळी साडेदहा.

प्रत मुख्याध्यापिकांना, पोच घेऊन:

ती सत्तावीस पत्रके पुन्हा उघडून खरे शेरे लिहिले जातील, जिथे जिथे ती दाखवली गेली तिथे दुरुस्त प्रत जाईल, आणि जादा तास परत सुरू होतील, असे लेखी उत्तर, सही आणि शिक्क्यासह, मंगळवार, १८ जून २०२४ रोजी संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडावे. न पडल्यास शेजारीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता उत्तरपत्रिका प्रशिक्षण संस्थेत आणि त्या सत्तावीसांना कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाकडे नेऊन देतील. पहिली उत्तरपत्रिका माझ्या नातीची असेल. तोंडी निरोप चालणार नाही. फोन करू नये.