‘गाणं’ या शब्दाची समिती

१० नोव्हेंबर, सोमवार

समिती ‘ग’वर आली! ‘गवत’ संपलं, ‘गहू’ संपला, आज ‘गाणं’ काढलं. म्हणजे समोरची खोली आणखी आठवडाभर गेली. ‘ख’ संपला की खोली तुझी, म्हणाले होते हे. मी पण मूर्ख, विश्वास ठेवला.

तीन म्हातारे. हे अध्यक्ष — शिक्षण खात्यात जन्मभर फायली सरकवल्या, आता शब्द सरकवतात. दुसरे पुंडलिकराव, नेरहून बसनं येतात आणि खाऊन जातात. तिसरे देवीलालजी, निवृत्त हेडमास्तर, मूळचे घाटंजीकडच्या तांड्यातले, आता लोहाऱ्याला असतात. गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द सांगायला त्यांना घेतलंय. तिघांपैकी एकालाही सूर नाही. हे तर आरतीलाही नुसते ओठ हलवतात. आणि हे तिघं ठरवणार गाणं म्हणजे काय! जिल्ह्याच्या बोलीकोशात छापून येणार ते.

माझी पेटी त्याच खोलीत, भिंतीशी. तिच्यावर कागदांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर पुंडलिकरावांची टोपी. मागच्या महिन्यात दोन मुली विचारून गेल्या, काकू, गाणं शिकवाल का? बसवू कुठं त्यांना? स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीवर?

११ नोव्हेंबर, मंगळवार

समानार्थी शब्द. गीत, गायन, गान, पद, कवन. पुंडलिकराव म्हणाले, “तान बी टाका.” तान म्हणजे गाणं! मी सांभारवड्या ठेवायला गेले होते, राहवलं नाही. म्हटलं, तान गाण्यात येते, तान म्हणजे गाणं नव्हे. ह्यांनी वर न पाहता सांगितलं, “समितीत चर्चा सुरू आहे.”

वड्या मात्र चर्चेविना संपल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मुद्दाम कालचाच चिवडा दिला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भांडण झालं. बरं वाटलं मला.

देवीलालजींनी ‘ढावलो’ हा शब्द मांडला. त्यांच्या तांड्यात सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, ते. पुंडलिकराव अडून बसले. “ते रडनं होय, गानं नाही. ‘र’वर घेऊ.” ‘र’ येईपर्यंत ह्यांच्यातलं कोण उरतंय! ह्यांनी मतदान घ्यायचं ठरवलं. हात वर करून. गाणं की रडणं, हात वर करा! हसू आवरायला मी आत आले.

शेवटी देवीलालजींनी बायकोला फोन लावला, स्पीकरवर. सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीतच बोलले. “मानीबाई, जरासा ढावलो म्हनून दाखव. इथं सायेब लोकायले आयकाचा हाय.”

“काहून? कोन चाललं?”

“कोनी नाही. पुस्तकासाठी पाह्यजे.”

“कोनी चाललं नाही तं कायले म्हनू? भरल्या घरात उगाच म्हनत नसते ते. भलतंच सांगता.” आणि फोन बंद.

हे म्हणाले, “नमुना उपलब्ध नाही, असं लिहा.” तोंडावर एक रेघ हलली नाही. मानीबाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या तिघांपेक्षा त्यांच्याशीच माझं पटलं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्वयंपाक व्हायचाय अजून. तरी लिहिते.

दर अर्थाला एक उदाहरण वाक्य हवं, असा समितीचा नियम. ह्यांनी काल बसून लिहिलेली, आज मोठ्यानं वाचत होते. “अर्थ पहिला. पक्ष्याचा मधुर आवाज. उदाहरण — पहाटे पक्ष्यांचे गाणे कानी येते.” शाळेच्या गाइडातलं वाटावं असं. “अर्थ दुसरा. गायनाची विद्या किंवा व्यासंग. उदाहरण — लग्नानंतर तिने गाणे सोडले.”

मी चहा घेऊन दारात. ह्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. पान उलटून तिसऱ्या अर्थाकडे निघाले.

ट्रे ठेवला आणि म्हटलं, “वाक्य बरोबर आहे. का सोडलं तेही छापा. नागपूरला रेडिओची चाचणी होती तेव्हा घरात ह्यांच्या आत्याचं श्राद्ध निघालं. पुढच्या खेपेला बदली. मग साकेत झाला. मग, आता या वयात लोक काय म्हणतील.”

पुंडलिकरावांचा चहा बशीतच राहिला. हे म्हणाले, “अगं, ते फक्त उदाहरण आहे.”

फक्त उदाहरण! ह्या घरात मी गुणगुणणंसुद्धा टाकून दिलं, कधीतरी ह्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटेल म्हणून. तीस-एक वर्षं. आणि ह्यांना सुचलं काय, तर एक वाक्य. इतकी किळस मला ह्या माणसाची कधी आली नव्हती.

देवीलालजी उठून उभे राहिले. “वहिनी, चुकलं आमचं. कमलाकरराव, उद्यापासून माह्या घरी बसत जाऊ. मानीबाई खाऊ घालीन. बोलू देईन का नाही, ते सांगता येत नाही.”

१९ नोव्हेंबर, बुधवार

खोली रिकामी! हे स्वतः गठ्ठे ऑटोत घालून लोहाऱ्याला गेले. जाताना म्हणाले, “ते वाक्य खोडलं मी.” खोडलं की मिटलं, असं वाटतं ह्यांना.

पेटी पुसली. एक सूर जरा बसका लागतो, बाकी ठीक. मुलींना निरोप दिला, सोमवारपासून या. इतकी वर्षं मनात एकच होतं — एक खोली द्या, तासभर द्या, मग दाखवते. उद्या सकाळी आधी मी एकटी बसणार. दार लावून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सा लागत नाही. पट्टी खाली उतरवली, आणखी खाली उतरवली. आवाज फाटतो, मग नुसती हवा येते. ह्यांनी माझं गाणं अडवून ठेवलंय, असंच धरून चालले होते. अडवलेलं ते आत शिल्लक आहे का, हे एकदाही पाहिलं नाही मी.

हे आज समितीला गेले नाहीत. बाहेर खुर्ची टाकून बसलेत. मघाशी दारातूनच म्हणाले, “घाई करू नको. मी आहे बसलेला.”