सिक्स्टनची गाडी का वळली नाही

मी, योर्डिस फोर्सवाल, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा बर्फगाड्यांची दुरुस्ती, राहणार लोमलिडेन, व्हेस्टरबॉटन, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावला की नीट दिसते, आणि कोणीही माझ्या मानगुटीवर बसून हे लिहवून घेतलेले नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

कलम पहिले. राहते घर, तळ्याकाठची वाफ घ्यायची सौना आणि बँकेत जे काही निघेल ते माझी मुलगी तूवा हिला मिळावे. ती उमेओला शाळेत शिकवते आणि इथे राहायला येणार नाही हे मला पक्के ठाऊक आहे. घर विकायचे तर खुशाल विकावे. मी वरून बघत बसणार नाही. सौनेची चिमणी मात्र विकण्याआधी साफ करून घ्यावी.

कलम दुसरे. पातळ भाकरी लाटायचे माझे खाचांचे लाटणे माझी जाऊ मेर्ता हिला द्यावे. मी वर्कशॉप काढले तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "बाईचा हात कणकेत शोभतो, ग्रीसमध्ये नाही." लाटणे जवळजवळ कोरे आहे. मेर्ताला त्याचा उपयोग होईल.

कलम तिसरे. शेजारी आल्गोट याने माझा छोटा जॅक अकरा वर्षांपूर्वी "एका दुपारपुरता" नेला. तो त्यालाच देऊन टाकावा असे मी ठरवले होते. परंतु आल्गोट या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा कायदा आहे. हे मला त्यानेच, पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाच्या तोऱ्यात, समजावून सांगितले. तेव्हा जॅक परत आणावा.

कलम चौथे. वर्कशॉप, कप्पी, पाने, स्प्रिंगा पिळायच्या सळ्या आणि सुटे भाग गावच्या बर्फवाट मंडळाला द्यावेत. हेच लोक हिवाळाभर वाटा दाबून सपाट ठेवतात. एकच अट आहे. स्वार स्वतः गाडीवर बसल्याशिवाय कोणाचीही गाडी वजनाला जुळवायची नाही. अंगात पूर्ण हिवाळी कपडे, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, टाकी भरलेली. हे मी भिंतीवर लाल रंगात लिहिले आहे. मंडळाने भिंत रंगवली तरी तेवढा भाग सोडावा.

लोक मला विचारतात, बत्तीस वर्षे तेच काम करून कंटाळा कसा आला नाही? खरे सांगते, मी अजून थक्क आहे. अडीचशे किलोचे यंत्र, पायाखाली नुसते गोठलेले पाणी, आणि ते वळते कशाने, तर पुढच्या दोन स्कींच्या खाली बसवलेल्या बोटभर रुंद पोलादी धारेने. ती धार बर्फात रुतायला हवी. त्यासाठी गाडीच्या नाकावर वजन हवे. गाडीच्या पोटातला पुढचा पट्टा एक भोक आवळला की वजन नाकाकडे सरकते, दोन भोके आवळला की हँडल दगडासारखे जड होते आणि शेपूट घसरू लागते. एका भोकाचा खेळ. तेवढ्यावर माणूस वाटेवर राहतो किंवा झाडात जातो. एवढ्या मोठ्या जंगलात, एवढ्या थंडीत, इतक्या थोडक्यावर सगळे टिकून आहे याचे मला पहिल्या दिवशी जितके नवल वाटले तितकेच आजही वाटते. चर्चमध्ये मला असे कधी वाटले नाही. पाद्रीबाईंनी राग मानू नये.

कलम पाचवे. माझी मापांची वही तूवाला द्यावी. तिला त्यातले काही कळणार नाही, पण गावातल्या प्रत्येक माणसाचे वजन तीत आहे. ती बाहेर कोणाला दाखवू नये, विशेषतः मेर्ताला.

कलम सहावे. माझी पिवळी बर्फगाडी सिक्स्टन हेडवाल याला द्यावी. कारण लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही, म्हणून लिहिते.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या मार्चमध्ये वसंतातली वाटेवरची शर्यत होती. सिक्स्टन तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता आणि या नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्यासारखा वळण घेणारा कोणी नव्हता. मी स्वतः पाहिले आहे. तो वळणात शिरताना घाईत नसे. अंग आत टाकी, आतली स्की जमिनीला चिकटून राही, आणि गाडी वाटेच्या कडेकडेने अशी निघून जाई की बघणाऱ्याने श्वास सोडायला विसरावे. त्याने गाडी माझ्याकडे जुळवायला दिली. वर्कशॉपला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, आणि सगळा गाव हसण्याची वाट बघत होता. सिक्स्टनने एक शब्द विचारला नाही, नुसती किल्ली टेबलावर ठेवली.

माप घ्यायची रीत सोपी आहे. गाडीची शेपूट उचलून मोकळी धरायची, जमिनीपासून उंची मोजायची. मग स्वार बसवायचा, पुन्हा मोजायची. चार बोटे खाली गेली तर बरोबर. जास्त गेली तर मागच्या स्प्रिंगची खाच वाढवायची. सिक्स्टन त्या सकाळी लाकडे ओढायला गेला होता. मला धीर नव्हता. मीच त्याच्या गाडीवर चढून बसले आणि आरशात बघून माप घेतले. बरोबर चार बोटे. मी छप्पन्न किलोची. सिक्स्टन बूट-हेल्मेटसह शंभराच्या वर. दर वर्षी नवशिके हीच चूक करतात आणि दर वर्षी मी त्यांना फाडून खाते.

शर्यतीत बर्चबनाच्या वळणावर तो आला. त्याच्या वजनाने शेपूट बसली, नाक हलके झाले, स्कींनी बर्फ धरलाच नाही. हँडल पूर्ण वळलेले होते आणि गाडी सरळ गेली. सरळ झाडात. त्याचे गळ्याचे हाड मोडले. ते जुळले. त्यानंतर तो एकही शर्यत धावला नाही. गावाने त्याचे नाव सरळ्या सिक्स्टन ठेवले. दुकानात, पेट्रोलपंपावर, लग्नांत. "सरळ्या, जरा वळून मीठ दे." मी तिथे असे आणि गप्प बसे.

याहून वाईट पुढे आहे. मोडकी गाडी माझ्याच वर्कशॉपमध्ये आणली. मंडळाची माणसे तपासायला यायच्या आत मी पाना घेतला आणि स्प्रिंग पहिल्या खाचेवरून तिसऱ्या खाचेवर नेली. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "गाडी तर चोख जुळवलेली आहे. माणसानेच कच खाल्ली." मी मान हलवली. माझे वर्कशॉप वाचले. सिक्स्टन, तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मी ती पुसली.

येथवर मंगळवारी लिहून झाले. पुढचे आज, गुरुवारी लिहीत आहे, कारण मध्ये एक गोष्ट घडली आणि कलम सहावे बदलावे लागले.

मी मेल्यावर त्याला हे वकिलाच्या तोंडून कळावे, असा माझा बेत होता. बुधवारी सकाळी कागद पुन्हा वाचला आणि माझीच मला लाज वाटली. मेलेल्या बाईला कोण शिव्या देणार? म्हणजे तिथेही मी सुटणारच होते. मी त्याला कॉफीला बोलावले.

"मृत्युपत्र?" तो टोपी काढत म्हणाला. "मला काय ठेवलंयस, तो गळका थर्मास?"

"बस. आणि मध्ये बोलू नकोस."

मी पहिल्या कलमापासून सहाव्यापर्यंत सगळे वाचून दाखवले. त्याने कॉफी बशीत ओतली होती, ती तशीच राहिली.

"एकतीस वर्षं," तो शेवटी म्हणाला, "झोपायच्या आधी मी ते वळण घेतोय. अंग आत टाकलं होतं. गॅस सोडला नव्हता. कुठं चुकलो तेच सापडत नव्हतं गं मला."

"तू कुठंच चुकला नव्हतास."

"मग हे सांगायला तुझी जीभ झडली होती का?"

"धंदा बुडाला असता. मी भ्याले, सिक्स्टन."

"तू भ्यालीस. आणि मी? मी पोराला गाडी शिकवली नाही. म्हटलं, बापासारखाच झाडात जायचा. दुसऱ्याकडनं शिकला तो."

तो उठला, जाकीट चढवले आणि दार उघडेच टाकून बाहेर पडला. मला वाटले, संपले. मग वर्कशॉपचे मोठे दार सरकल्याचा आवाज आला. मी गेले. तो पिवळ्या गाडीवर बसला होता. बूट, हेल्मेट, हातमोजे, सगळे अंगावर.

"मोज," तो म्हणाला.

"वजन किती तुझं आता?"

"तुला माझं वजन कशाला पाहिजे? मी बसलोय ना वर? मोज."

मी गुडघ्यावर बसले. तो उतरला, कप्पीने शेपूट उचलली, मी मापले. तो बसला, पुन्हा मापले. सहा बोटे. खाच एक वाढवली. पाच. अजून एक. चार. पुढचा पट्टा एक भोक आवळला. तीन वेळा तपासून मी बाजूला झाले.

मी चालत बर्चबनाच्या वळणापाशी जाऊन उभी राहिले. ऊन होते, वाट रात्रीच्या थंडीने घट्ट झालेली. तो पहिल्यांदा हळू आला आणि वळण रुंद घेतले. दुसऱ्यांदा थोडा वेगात. तिसऱ्यांदा मी त्याला लांबूनच ओळखले, तो बहात्तरचा नव्हताच. अंग आत टाकले, आतली स्की हलली नाही, धारेने बर्फात एक बारीक रेघ ओढली आणि गाडी झाडांच्या कडेने, हातभर अंतर ठेवून, निघून गेली. मी बत्तीस वर्षे ज्या कामापुढे थक्क होत आले ते काम म्हणजे हा माणूस होता, आणि मी त्याला एकतीस वर्षे लाकडे ओढायला लावली. मी तिथेच बर्फात बसून रडले.

तो परत आला, गाडी बंद केली.

"ही मला नको," तो म्हणाला.

"का रे? तुझ्याचसाठी जुळवलीय."

"साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतेस ना? मग मला साक्षीदार कर. दुसऱ्या साक्षीदाराची सही अजून व्हायचीय ना? ती माझी असू दे. आणि हे कलम तू मेल्यावर नाही वाचायचं. शनिवारी मंडळाची बैठक आहे. तिथं उभी राहून वाच."

"सगळे हसतील मला."

"हसू देत. सवय होते."

सबब कलम सहाव्यात असा बदल करते: पिवळी बर्फगाडी सिक्स्टनला न देता कलम चौथ्यातील अटीसह मंडळाला द्यावी. तिची जुळवणी सिक्स्टनच्या वजनाची आहे, दुसरा कोणी बसणार असेल तर नव्याने मोजावे. कलमातील बाकी मजकूर तसाच ठेवावा. शनिवार, सोळा मार्च रोजी तो मी स्वतः, सर्वांसमोर, मोठ्याने वाचणार आहे. मेर्ता आली तर तिला पुढची खुर्ची द्यावी.

स्थळ लोमलिडेन, दिनांक १४ मार्च २०२४.

सही: योर्डिस फोर्सवाल

वरील सही योर्डिस फोर्सवाल हिने आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी, शुद्धीत आणि स्वखुशीने केली. या कागदातून आम्हाला काहीही मिळणार नाही हे आम्हाला माहीत आहे.

साक्षीदार:

आल्गोट ब्रेंडे, वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमन, लोमलिडेन

सिक्स्टन हेडवाल, वय बहात्तर, शर्यतपटू, लोमलिडेन