उजव्या बाजूची जागा

३ फेब्रुवारी
आज कानाच्या डॉक्टरांकडे गेलेच! बाकावर सगळे आमच्यातलेच — कानात कापूस, मान तिरकी. नर्स नंबर पुकारत होती, उठत कुणीच नव्हतं. शेवटी ती बोटं दाखवायला लागली.

डॉक्टरबाई रागावल्या. "लहानपणापासून उजवा कान वाहतोय आणि आत्ता येताय?" काय सांगू! वाहतो, थांबतो, आपण विसरतो. पडद्याला भोक आहे. ऑपरेशनने नवा बसवता येईल म्हणाल्या. तोवर थेंब घालायचे, आणि कानात पाण्याचा टिपूसही जाऊ द्यायचा नाही.

६ फेब्रुवारी
हा कान मला कशासाठी हवाय ते फक्त इथे लिहिते. सासूबाईंसाठी.

लग्नापासून आम्ही दोघी शिलाईच्या एकाच टेबलाशी. डावीकडे मी मशीनवर, उजवीकडे आई काजं-बटणं करत. त्या बोलतात ते माझ्या बहिऱ्या बाजूला. मला निम्मं कळत नाही, मग त्या गप्प. नंतर मी काही विचारलं, तर उत्तर नाही — रुसलेल्या! "हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कानाचं नुसतं निमित्त," असं एकदा ह्यांना सांगत होत्या. नेमकं ते बरं ऐकू आलं, डाव्या कानाने.

१९ मार्च
झालं ऑपरेशन. हे म्हणाले, "अर्धं डोकं पार्सल केलंय!" मी हसले की ठणकतं.

२८ मार्च
टाके काढले. आईंनी केस विंचरून दिले, जखमेला जराही धक्का न लावता. बोलल्या मात्र नाहीत.

११ मे
पडदा धरला! काचेच्या खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचं — दाबतच सुटले. घरी आले तर कात्रीचा आवाज उजवीकडून! कात्री उजवीकडेच होती!

१३ मे
आईंचं पुटपुटणं ऐकू येतं. "मेला गुडघा..." मी लगेच म्हटलं, "आई, तेल चोळून देऊ?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मान खाली, सुई चालूच.

म्हणजे कानाचा दोष नव्हताच. मीच नकोशी आहे.

१७ मे
आईंच्या उशीच्या अभ्र्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत, स्वतः धुतात. आज गुडघ्यामुळे उठवेना, म्हणून मी काढला. पिवळट वर्तुळ, कडेला कडक झालेलं. हा डाग मी ओळखणार नाही? जन्मभर धुतलाय!

त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "कोणता कान, आई?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग डाव्या कानावरचे केस मागे घेतले. कापूस! "तू आलीस तीच वाहता कान घेऊन. म्हटलं, एका घरात दोन दोन बहिऱ्या कशाला?"

डावा. म्हणजे माझ्याकडचा!

२० मे
दवाखान्यातल्या बाकावर आईंच्या उजवीकडे बसले. पहिल्यांदाच. नंबर येईपर्यंत माझं तोंड चालूच होतं.

शेवटी म्हणाल्या, "अगं, तू एवढं बोलतेस होय!"