बाथरूमचं दार

आई, तुझी नात सहा वर्षांची आहे आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली आहे. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं, त्यामुळे तू तिला पाहिलंच नाहीस. मी आता रोह्याला असते, एका कंपनीच्या लॅबमध्ये. तिच्या बाबांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, माझी बदलत नाही, म्हणून सकाळ माझ्या एकटीची असते. डबा, तिची वेणी, शाळेच्या ग्रुपवर ऐनवेळी आलेला निरोप की आज पिवळा कागद पाठवा, पोर वाळलीय म्हणून सासूबाईंचा फोन, आणि नाक्यावर येणारी कंपनीची बस, जी कुणासाठी थांबत नाही. मोबाइलवर एक बाई गोड आवाजात सांगतात की मुलांवर रागावण्याआधी दहापर्यंत मोजा. गेल्या सोमवारी मी चारपर्यंत पोचले.

निमित्त काय, तर तिच्या पायातला मोजा. शिवण बोटाला टोचते म्हणून तिनं तो तिसऱ्यांदा काढला. मी तिला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. बसवलं कसलं, आदळलं. वर ओरडले, "तुझ्यापायी माझा जीव जातोय, कळतं का तुला?" ती रडली नाही. गुपचूप मोजा घातला आणि शाळेच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. दिवसभर मी लॅबमध्ये नमुने तपासत होते, प्रत्येक कागदावर सही करत होते, आणि माझ्या हाताला तिचा दंड जाणवत होता, एवढासा.

बुधवारी शाळेतून बोलावणं आलं. अर्धी रजा टाकून गेले. बाईंनी तिची बाही वर केली. चार बोटं उमटली होती, आता काळीनिळी पडलेली. "ती म्हणते, बाथरूमच्या दारात हात अडकला," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, मी आता काय सांगते म्हणून. आणि आई, मी म्हटलं, "हो ना, ते दार आमचं फार घट्ट आहे. सुताराला किती वेळा सांगितलं." सुतारसुद्धा मीच घातला त्यात. बाहेर आल्यावर तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. कुठलं घ्यायचं ते ठरवायला तिनं खूप वेळ लावला, आणि एरवी वसकन अंगावर जाणारी मी अगदी शांत उभी राहिले. बक्षीसच होतं ते, दुसरं काय.

तेव्हापासून मला पेणचं आपलं अंगण आठवतंय. तुम्ही बायका सकाळपासून पापड लाटताय, जुन्या साडीवर ते वाळत घातलेत, आणि सात वर्षांची मी त्यांवरून धावत जाते. तू हातातलं लाटणं माझ्या पोटरीवर हाणलंस. मी तो वळ आठवडाभर गावाला दाखवत फिरले. वडखळची मावशी आली तर तिलाही फ्रॉक वर करून दाखवला. "काय गो, पोरीला येवढं मारतात?" मावशी म्हणाली. तू पीठ मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "व्हय, मीच मारलं. चुकलंच माझं." मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. पुढे कॉलेजातही मी मैत्रिणींना हे रंगवून सांगायची, आमच्याकडे पापडापेक्षा पोरीच जास्त लाटतात म्हणून. त्या हसायच्या. मला तुझी लाज वाटायची, आणि मी कधीच अशी होणार नाही, याची खात्री होती.

पापडांच्या मालकीणबाई जाड पापड वेगळे काढून विचारायच्या, "हे कुणी लाटलं?" बाकीच्या खाली बघायच्या. तू म्हणायचीस, "माझं हायत." मला वाटायचं, किती बावळट आहे ही, गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं?

आज सकाळी तिनं मोजे आपणहून घातले. शिवण टोचते का, मी विचारलं. "नाही," म्हणाली, पण अंगठा आत मुडपून घेतला होता. मी खाली बसून तिच्या बुटांचे बंद बांधत होते. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "आई, बाईंनी परत विचारलं, तर दारच सांगायचं ना?" मी खालीच बघत राहिले. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला शब्दन्शब्द माहीत होतं. मलाही तेच म्हणायचं होतं, खरंच म्हणायचं होतं. इतक्यात व्हॅनचा हॉर्न वाजला, आणि मला बरं वाटलं.

हे कंपनीच्या कॅंटीनमध्ये बसून लिहिते आहे. पाठवायची सोय असती, तरी पाठवलं नसतं. तू एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचायचीस. सगळ्यांना ऐकू गेलं असतं.