नऊ नंबरच्या कॉटमागची भिंत

दि. १४, मंगळवार
दुपारचे साडेतीन

प्रिय दादा,

तू बरा असशील, वहिनी आणि पोरं मजेत असतील, असं धरून चालते. आमचंही ठीक चाललंय.

हे झालं रीतीचं. आता ऐक! आज माझ्या वॉर्डात जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. ड्युटीच्या टेबलावर बसून पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, सांभाळून घे.

आमच्या हॉस्पिटलचं नूतनीकरण चाललंय. माझ्या पुरुष वॉर्डाला लागून जुनं ऑपरेशन थिएटर होतं, ते पाडून तिथे नवा अतिदक्षता विभाग होणार. व्हायलाच हवा. पण पाडकाम भिंतीपलीकडे आणि पेशंट भिंतीअलीकडे! सकाळी ब्रेकर मशीन सुरू झालं की तावदानं, औषधांच्या बाटल्या, कवळ्या ठेवलेले पेले, सगळं एका तालात नाचायला लागतं. तीन नंबरच्या आजोबांचं ब्लडप्रेशर त्या आवाजाबरोबर चढतं. ऑपरेशन झालेले पेशंट दचकून टाके धरतात. डॉक्टर परवा कानातला स्टेथोस्कोप काढून म्हणाले, "सिस्टर, मी ह्यांची छाती ऐकतोय की ठेकेदाराची?"

मी तीनदा अर्ज दिले. कामावर एक इंजिनीअरबाई आहे, तिशीची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलायला गोड. म्हणाली, "सिस्टर, भिंत काही समजूत काढून पडत नाही हो."

"आणि माझे पेशंट समजूत काढून बरे होत नाहीत," मी म्हटलं.

मग आमच्या आठ नंबरच्या हेडमास्तरांनी मनावर घेतलं. शाळेतून निवृत्त झालेत, पाय प्लास्टरमध्ये आहे, वेळ जाता जात नाही. त्यांनी वही सुरू केली. आवाज कधी सुरू झाला, कुठल्या बाजूने आला, कोण पेशंट कसा वागला, सगळं टिपायचं आणि थेट वरच्या साहेबांकडे तक्रार करायची. शेजारच्या नऊ नंबरवर त्यांचं बारीक लक्ष, कारण सगळ्यात जास्त हाल नऊ नंबरचे. लकव्याने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मशीन लागलं की डाव्या हाताने कॉटचा दांडा बडवायचे. कानात कापूस घातला तर उपटून फेकायचे. शनिवारी त्यांनी सलाइन उपटलं, रक्त चादरीवर. तेव्हा तो हात मी पट्टीने दांड्याला बांधला. मऊच बांधला. पण बांधला.

दादा, नऊ नंबरवर बाबा आहेत.

घाबरू नकोस, आधी पुढचं वाच. त्यांना झटका येऊन आज एकोणीस दिवस झाले. जिवावरचं टळलंय. तुला का कळवलं नाही ते सांगते, आज सगळंच सांगते. पण आजचं आधी सांगू दे, नाहीतर मी फुटेन.

आज साडेदहाला हेडमास्तरांनी मला हाक मारली. "सिस्टर, माझी तक्रार खोटी ठरतेय." वही पुढे केली. सोमवार, दहा वाजून दहा मिनिटं, मोरीकडच्या कोपऱ्यात ब्रेकर, आवाज भयंकर, नऊ नंबर गाढ झोपेत. साडेअकरा, नऊ नंबरच्या मागच्या भिंतीवर नुसता हातोडा, आवाज किरकोळ, नऊ नंबर बेफाम. रविवारी काम बंद असताना पलीकडे कुणी त्याच भिंतीवर ठोकून बघत खडूने खुणा करत होतं, तरी नऊ नंबर बेफाम. हेडमास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ह्यांना आवाजाचा त्रास नाही. ह्यांना त्या भिंतीचा त्रास आहे."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! ह्या जुन्या भागाचा गिलावा बाबांच्याच टोळीने केलेला. तू चौथीत होतास, मी पहिलीत. आपण डबा घेऊन यायचो आणि वाळूच्या ढिगावर घसरगुंडी करायचो, आठवतं का?

मी पट्टी सोडली. म्हटलं, "बाबा, भिंत? भिंतीत काही आहे?" त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाकली. हेडमास्तरांची पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. वहीवर एक रेघ वर गेली, मग डावीकडे वळली. तिच्या टोकाशी त्यांनी नाकावर पंजा दाबून धरला आणि जोरजोरात श्वास ओढून दाखवला.

ऑक्सिजन!

तेवढ्यात पलीकडे ब्रेकर लागला. मी अशी धावले दादा, की चप्पल वॉर्डातच राहिली. धुळीत अनवाणी घुसून त्या ब्रेकरवाल्याच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले. त्याने मशीन थांबवलं. इंजिनीअरबाई धावत आली. "सिस्टर, वेड लागलंय का तुम्हाला? नकाशात ह्या भिंतीत काही नाही!"

"नकाशा काढणारा घरी गेला असेल. भिंत लिंपणारा आतमध्ये झोपलाय. चला."

ती आली. बाबांना पाठीशी उशा देऊन बसवलं. ती भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेली आणि बाबा डोळे मिटून ऐकत. हात हलवून सांगत, वर, अजून वर, डावीकडे. मग पंजा थांबला. तिने मुकादमाला बोलावून छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने गिलावा काढायला लावला. दोन बोटं आत तांब्याची नळी! पलीकडचं ब्रेकरचं टोक तिथून वीतभर लांब होतं. आणि नळी जिवंत होती, दादा. वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा कक्ष आहे, आज तिथे सहा बाळं आहेत. त्यांचा ऑक्सिजन ह्याच नळीतून जातो.

इंजिनीअरबाई स्टुलावर बसली. हेल्मेट काढलं. मुकादम नळीवरची माती झाडायला पुढे झाला, तेव्हा मागून आवाज आला.

"हळू."

बाबा बोलले! फाटक्या, घोगऱ्या आवाजात, पण स्वच्छ. मुकादमाने हात मागे घेतला. हेडमास्तरांनी टाळ्या पिटल्या, मग तीन नंबरने, मग सगळ्यांनी. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहून पोरीसारखी रडले. डॉक्टर म्हणाले, एक शब्द आला की त्याच्यामागून भावंडं येतात. दुपारी दुसरा आला, "पाणी."

आता ब्रेकर रोज दहा ते बारा एवढाच. बाकी काम हाताने, आणि दुपारी एक ते चार पूर्ण शांतता. साहेबांनी सही केली. कामगार जेवणाच्या सुट्टीत एकेक करून बाबांना बघून गेले. इंजिनीअरबाई उद्या सगळे नकाशे घेऊन येणार आहे, म्हणते, "आजोबांना विचारल्याशिवाय आता खिळा ठोकणार नाही."

आता राहिलेलं.

तुला वाटेल, बाबांनीच कळवू नको म्हटलं असेल. तुमचं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. तू चारचौघांत त्यांच्या कामाला अंदाजपंचे म्हणालास, आणि त्यांनी सहा वर्षं तुझं नाव घेतलं नाही. पण नाही रे. त्यांनी मना केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी डावा हात डोक्याच्या वर नेला, पंजा आडवा धरला. पुन्हा पुन्हा. बरोबरची नर्स म्हणाली, काय म्हणतायत हे? मी म्हटलं, सलाइनची बाटली वर टांगा म्हणतायत. आणि टांगलीसुद्धा.

आपल्या घरात दरवाजाच्या चौकटीला डोकं लागणारा माणूस एकच आहे. मला पहिल्या खुणेलाच कळलं होतं. सहा वर्षं त्यांची औषधं मी आणली, चष्मा मी शोधला, बोलणी मी खाल्ली, आणि डोळे उघडल्यावर त्यांना हवा होतास तू. माझ्या पोटात असं काही जळलं की मी बाटली वर टांगून मोकळी झाले. भेटीच्या वेळी ते दाराकडे बघत बसायचे. मी सगळ्यांना सांगायचे, घरी जायचं म्हणतायत.

आज सगळे त्यांच्याभोवती हसत होते, तेव्हा त्यांनी पुन्हा तो हात वर नेला. ह्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हो बाबा. बोलावते दादाला."

भेटीची वेळ चार ते सहा. माझ्यावर काय ओरडायचं ते नंतर ओरड, मी ऐकून घेईन. त्यांच्याशी मात्र आवाज चढवू नकोस.

ये.

तुझी अपराधी,
ठमी